मिस्टरची जागा

मी एक बाक आहे. बागेतला नाही, शाळेतलाही नाही. कालाबियांकाच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला, पांढऱ्या रेघेपासून चार हातांवर, पत्र्याच्या छपराखाली माझं आयुष्य गेलं. तुम्ही टीव्हीवर मला पाहिलंही असेल, पण ध्यानात ठेवलं नसेल. लोक पाहतात तो माझ्या उजव्या टोकाला बसलेला माणूस. आमच्या इटलीत प्रशिक्षकाला सगळे 'मिस्टर' म्हणतात, आणि त्याला काढून टाकलं की 'त्याचा बाक गेला' असं म्हणतात. खरं तर जातो तो माणूस. मी आपला जागच्या जागी.

माझा जन्म बंदरातला. होड्या बांधणाऱ्या वीतोकडे एका मोठ्या होडीचं लाकूड उरलं होतं. त्यानं त्यातली एक सलग लांब फळी काढली, खाली पाय ठोकले आणि क्लबच्या तांबूस रंगानं रंगवलं. तेव्हा आमचा क्लब फारच खालच्या श्रेणीत होता. रविवारी दुपारी जेवून-खाऊन आलेले कोळी आणि त्यांच्या बायका, एवढेच प्रेक्षक.

त्या दिवसांत माझ्यावर सगळ्यात जास्त बसले ते सावेरिओ आणि कोसिमो. दोघं एकाच गल्लीतले. खेळायला मिळायचं क्वचित, म्हणून राखीव खेळाडू म्हणून माझ्यावर बसून खारवलेल्या बिया सोलत राहायचे आणि सालं माझ्याखाली लपवायचे. पुढं सावेरिओचा गुडघा कायमचा दुखावला, कोसिमोला तर कुणी विचारलंच नाही, आणि दोघं प्रशिक्षक झाले. सावेरिओ लाग्रास्ता मिस्टर, कोसिमो त्याचा सहायक. गुडघ्यामुळे सावेरिओला इतर मिस्टरांसारखं उभं राहून ओरडता येत नसे. तो उजव्या टोकाला बसायचा, कोसिमो त्याच्या डावीकडे.

"दहा नंबर झोपलाय," सावेरिओ म्हणायचा.

"उठवू?"

"नको, बाहेर काढ. इथं बाकावर झोपू दे."

असं त्यांचं चालायचं. मी सलग फळीचा असल्यामुळे एकानं नुसती मांडी हलवली तरी दुसऱ्याला कळायचं. सावेरिओ उठायच्या बेतात असला की कोसिमो आधीच बदली खेळाडूला हाक मारून मोकळा.

ह्या दोघांनी क्लबला एकेक पायरी चढवत थेट पहिल्या श्रेणीत नेलं. त्या दिवशी बंदरातल्या सगळ्या होड्यांनी भोंगे वाजवले. टूना माशांच्या डब्यांचा कारखाना चालवणाऱ्या सिन्योरा पाल्मिरा आमच्या मालकीणबाई. नवऱ्यामागं क्लब त्यांच्याकडे आला होता. त्या धावत आल्या आणि आनंदाच्या भरात माझंच चुंबन घेतलं. ओठांचा लाल ठसा बरेच दिवस पुसला गेला नाही.

मग सुरू झाला मोठ्यांच्यातला हंगाम.

पहिल्या शनिवारी तीन गोल खाल्ले. दुसऱ्या शनिवारी दोन. तिसऱ्याला बरोबरी झाली तर गावानं सण साजरा केला, आणि पुढच्या चार शनिवारी पुन्हा हार. शनिवारी आम्ही हरायचो आणि रविवारभर बाकीच्या मैदानांवरचे निकाल ऐकत बसायचो, की आमच्याहून वाईट कुणाचं चाललंय का. कुणाचंच नसायचं. मागून शिट्ट्या येऊ लागल्या. आमच्याकडे शिट्टी म्हणजे शिवीच. ज्या तोंडांनी वसंतात सावेरिओच्या नावाची गाणी म्हटली होती, तीच तोंडं आता शिट्ट्या मारत होती.

एका सोमवारी सकाळी सिन्योरा उंच टाचांचे बूट चिखलात रुतवत आल्या आणि माझ्यावर बसल्या. बाजूला सावेरिओ, पलीकडे कोसिमो.

"सावेरिओ, बाळा, तू मला कुठून कुठं आणलंस ते मी विसरले नाहीये."

"मग?"

"मग काय! वीस खेळाडू बदलता येत नाहीत रे. एक माणूस बदलता येतो."

सावेरिओनं गुडघा चोळला. "उद्याचा सराव कोण घेणार?"

सिन्योरांनी काळा चष्मा डोळ्यांवर चढवला, कोसिमोकडे एकदा पाहिलं आणि उत्तर न देता निघून गेल्या.

सावेरिओ हसला. "म्हातारीला वाटतंय तू हो म्हणशील."

कोसिमो बुटाच्या टोकानं चिखल उकरू लागला.

"कोसिमो?"

"त्यांनी शनिवारीच विचारलं मला."

"शनिवारी? अरे, काल तू माझ्या घरी जेवलास!"

"तेच सांगायला आलो होतो. घास उतरत नव्हता."

"दोनदा वाढून घेतलंस की!"

कोसिमोचा आवाज चढला. "हो, घेतलं! घाबरलो की मी खातो, ठाऊक आहे तुला. किती वर्षं तुझ्या डावीकडे बसलो मी? एकदा तिकडच्या टोकाला बसून मैदान कसं दिसतं ते बघायचंय. एवढंही मागू नये?"

"तसंच दिसतं," सावेरिओ उठत म्हणाला. "शिट्ट्या जरा जवळून ऐकू येतात." आणि लंगडत बोगद्याकडे गेला. त्यानं मागं वळून पाहावं म्हणून कोसिमो किती तरी वेळ तिकडे बघत होता. सावेरिओ वळला नाही.

कोसिमोनं पहिलाच सामना जिंकला, तोही उत्तरेकडच्या एका बड्या संघाविरुद्ध. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पुढच्या शनिवारी एक-शून्य हरला, मग दोन-एक, मग चार-शून्य. तो माझ्यावर बसला की सारखा इकडून तिकडे सरकायचा, सगळी फळी हलायची. निर्णय घ्यायची वेळ आली की तो सवयीनं शेजारी बघायचा. तिथं कुणी नसायचं. नाताळाच्या आधी त्याचाही बाक गेला.

मग झानोत्ती म्हणून एक नामांकित मिस्टर आले. सोबत स्वतःची पाच माणसं, अंगाला अत्तर. "हे असलं लाकूड अजून वापरता तुम्ही?" असं मला बघून म्हणाले. फेब्रुवारीत पाचवा सामना हरल्यावर ते अत्तरासकट गेले. कुणाचा निरोपही घेतला नाही.

आता आमच्याकडे एक रीत अशी, की काढून टाकलेल्या मिस्टरचा करार हंगामभर चालूच राहतो, आणि सगळं बुडायला लागलं की मालक पुन्हा त्यालाच फोन लावतो. सिन्योरांनी सावेरिओला बोलावलं. कोसिमोचाही करार चालूच होता, म्हणून त्यालाही.

"येतो," सावेरिओ म्हणाला. "कोसिमो बसू दे बाकावर. पण माझ्याशी बोलायचं नाही."

तेव्हा क्लबचे डॉक्टर आमेदेओ दोघांच्या मध्ये बसू लागले.

"डॉक्टर, त्याला सांगा, बदली खेळाडूंना पळवून गरम करा."

"कोसिमो, मिस्टर म्हणतात..."

"ऐकलं मी. बहिरा नाहीये. डॉक्टर, त्यांना सांगा, गरम झालेत."

खेळाडू तोंडावर हात धरून हसायचे. मला हसू येत नसे.

तरी नवल असं, की संघ सावरला. बरोबऱ्या झाल्या, दोन सामने जिंकलो. मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी गाव मैदानावर लोटलं. इतर मैदानांवरचे निकाल आमच्या बाजूनं लागत होते. आम्हाला फक्त हरायचं नव्हतं. बरोबरी झाली तरी पहिल्या श्रेणीत राहणार होतो.

सामना संपायला थोडाच वेळ उरला होता. गोल कुणाचाच नव्हता. आमच्या डाव्या बगलेवरचा बचावपटू लीनो पाय ओढायला लागला. अजून एक बदली शिल्लक होती.

आता मी सांगतो ते नीट ऐका, कारण हे कॅमेऱ्यात आलेलं नाही, आणि बदली खेळाडू तेव्हा दूर कोपऱ्यात अंग गरम करत होते. सावेरिओनं लीनोला पाहिलं होतं. त्याचं वजन माझ्यावरून उचललं गेलं. तो बदलीसाठी उठत होता. त्याच क्षणी पलीकडून कोसिमो म्हणाला, "डॉक्टर, त्यांना सांगा, लीनो संपलाय. बाहेर काढा त्याला."

सावेरिओ पुन्हा खाली बसला.

डॉक्टर म्हणाले, "मिस्टर, कोसिमोचं म्हणणं..."

"डॉक्टर, तुम्ही गुडघे सांभाळा. संघ मी सांभाळतो."

"सावेरिओ!" कोसिमो ओरडला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं थेट हाक मारली होती. सावेरिओ समोर बघत राहिला. डॉक्टरांनी आपल्या बॅगेत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

गोल त्याच बगलेतून आला. लीनो मागं धावायला गेला आणि गवतावर पडला. एवढं मोठं गाव मैदानात होतं, पण कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही.

लोक रडत घरी गेल्यावरही ते दोघं माझ्यावर बसून होते, मधली डॉक्टरांची जागा रिकामी ठेवून.

"मी उठलो होतो," सावेरिओ म्हणाला.

"ठाऊक आहे. फळी हलली होती."

सावेरिओ गुडघा चोळत राहिला. कोसिमोनं वाट पाहिली, मग जॅकेट उचललं आणि बाहेरच्या फाटकानं गेला.

गावाला गुन्हेगार हवा होता, तो मिळाला. ज्यानं मित्राची जागा घेतली, त्यानंच शेवटच्या दिवशी लीनो संपलाय हे दिसत असूनही सूडानं तोंड उघडलं नाही, अशी बोलवा उठली. कोसिमोच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगानं 'गद्दार' लिहिलं. मासळीबाजारात त्याच्या बायकोला कुणी मासळी विकेना. सावेरिओला पत्रकारांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हार माझी आहे." लोकांना ते त्याचं मोठेपण वाटलं. लीनोबद्दल तो बोलला नाही. त्या उन्हाळ्यात त्याला दूरच्या एका क्लबात नोकरी मिळाली. कोसिमो घर विकून बायकोच्या माहेरी, उत्तरेला गेला. तिथं तो फुटबॉलचं नावही काढत नाही म्हणतात. डॉक्टर आमेदेओ अजून इथंच आहेत. त्यांना कुणी काही विचारत नाही, आणि ते सांगतही नाहीत.

क्लब दुसऱ्या श्रेणीतही टिकला नाही. सिन्योरांनी तो विकून टाकला. नव्या मालकांनी छपराखाली वेगवेगळ्या गुबगुबीत खुर्च्या बसवल्या आहेत. प्रत्येकीला आपापले हात, आपापली पाठ. मला उपटून भिंतीमागं टाकलं. माझा एक पाय तुटलाय, रंगाचे पोपडे निघालेत, आणि सकाळीच मैदानाचा रखवालदार पावाच्या भट्टीवाल्याला सांगत होता, की हे लाकूड घेऊन जा, वाळलेलं आहे, चांगलं पेटेल.

पेटेन मी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भट्टीत जाण्याआधी कुणीतरी एकदा बंदरात जावं, मासळीबाजारात उभं राहावं आणि सांगावं, की कोसिमो बोलला होता. मोठ्यानं बोलला होता.

भट्टीवाल्याची गाडी फाटकाशी येऊन थांबली आहे. दोन माणसं उतरली आहेत. एक माझं हे टोक धरतोय, दुसरा ते, आणि काल रात्रीच्या सामन्यात नव्या मिस्टरनं काय घोळ घातला याबद्दल दोघांचं बोलणं चाललंय.