आठ पायांचा ताप

मित्रांनो, मी स्टीलचा एक जुना डबा. एकावर एक तीन पुडं, म्हणजे कप्पे, बाजूला कडी, वर झाकण. रिसोड तालुक्यातल्या केनवडला अंजनाच्या घरी मी राहतो. डब्याला काय कळतं, असं तुम्हाला वाटेल. पण डबा माणसाबरोबर शेतात जातो, एसटीत बसतो, दवाखान्यात खाटेखाली राहतो आणि ऑफिसात बाकावर वाट बघतो. तिथलं सगळं त्याच्या कानावर पडतं. मी जे ऐकलं, ते आज तुम्हाला सांगतो. ऐकताना मला आलेला राग अजून गेलेला नाही, तेव्हा माझा आवाज जरा चढला तर सांभाळून घ्या.

एका कारखान्यात पत्र्यावर मोठं यंत्र दणादण आदळलं आणि माझी पुडं तयार झाली. तिथून मी वाशीमच्या भांड्यांच्या दुकानात आलो. अंजनाच्या लग्नात तिच्या मामानं मला आहेर म्हणून दिलं. दुकानदारानं माझ्या पोटावर तिचं नाव टोचून लिहिलं होतं. विहारासमोरच्या मांडवात आहेराची भांडी मांडली, तेव्हा मी सगळ्यांत जास्त चमकत होतो. "डबा पाह्य किती सुंदर हाय," असं बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायचो.

मग बरीच वर्षं मी देवमनबरोबर शेतात गेलो. देवमन म्हणजे अंजनाचा नवरा. कमी बोलणारा माणूस. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली तो मला उघडायचा. खालच्या पुडात भाकरी, मधल्यात वरण, वरच्यात हिरव्या मिरचीचा ठेचा. पुढे त्यांची मुलगी रूपा मोठी झाली, शिकायला अकोल्याला गेली आणि सुट्टीत येताना रंगीत प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली. तो हलका होता आणि त्याला कडी नव्हती. मी फळीवर गेलो. माझ्यात अंजना कधी शिळे फुटाणे ठेवायची, कधी सुईदोरा. मला वाईट वाटायचं, पण घर सुखात होतं, म्हणून मी तक्रार केली नाही.

त्या सुखात दोन गायींचा मोठा वाटा होता. अंजना दोन्ही वेळा दूध काढायची आणि गावातल्या दूध संस्थेत घालायची. संस्थेचे अध्यक्ष होते दौलतसिंग. त्यांनी सगळ्या सभासदांसाठी एका कंपनीचा आरोग्य विमा काढला होता. दुधाच्या हिशोबातून त्याचा हप्ता परस्पर कापला जायचा. कार्ड वाटली, त्या दिवशी अंजनानं आपलं कार्ड बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवलं. "आता दवाखान्याचं भेव नाही," ती म्हणाली.

पावसाळा सरता सरता गायींना गोचिडी फार होतात. अंजना रोज सकाळी गायीच्या कानामागे, कासेजवळ बोटं फिरवून त्या उपटायची आणि रॉकेलमध्ये टाकायची. शेजारची रामीबाईसुद्धा तेच करायची. तिच्याकडे एक म्हैस आणि शेळ्या होत्या. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून बोलत बोलत हे काम करायच्या. त्यात भ्यायचं असं काही आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

एके दिवशी अंजनाला ताप भरला. डोकं असं दुखायला लागलं की तिला उजेड सहन होईना. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, सलाईन लावलं आणि "व्हायरल आहे, उतरेल" म्हणून घरी पाठवलं. ताप उतरला नाही. तिच्या मनगटांवर, घोट्यांवर बारीक लाल ठिपके उठले. ते तळहातांवर आणि तळपायांवरही पसरले. मग ती असंबद्ध बोलायला लागली. रूपाला हाक मारायची आणि रूपाची चौकशी गायीपाशी करायची. तेव्हा देवमननं ऑटो आणला आणि तिला वाशीमला मोठ्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याला एका माणसाचा छोटा डबा काय पुरणार? म्हणून घाईघाईनं मला फळीवरून काढलं, घासलं आणि भरलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अंजनाचे तळहात बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत का?"

"दोन गाई हायेत," देवमन म्हणाला.

"गोचिडी काढतात का ह्या?"

"रोजच काढते."

डॉक्टरीणबाईंनी अंजनाला कुशीवर वळवलं. गुडघ्यामागे एक काळी खपली होती. "गोचिडीच्या चाव्यातून आलेला ताप आहे हा," त्या म्हणाल्या. "औषध साधं आहे. पहिल्या दिवसांत गोळ्या मिळाल्या असत्या तर घरीच बऱ्या झाल्या असत्या. आता किडनीवर सूज आलीय. आयसीयूत ठेवावं लागेल."

मित्रांनो, ते दिवस मला आठवत नाहीत असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. रूपा अकोल्याहून आली. ती मला भरून आणायची, देवमन मला उघडायचा, भाकरीचा एक तुकडा मोडायचा आणि तसाच परत ठेवायचा. भरलेला डबा भरलेलाच घरी जायचा. डब्याला याहून मोठं दुःख नसतं.

अंजना वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "गाईचं दूध कोन काढून राह्यलं?" देवमन इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला आणि हसता हसता रडला.

आता विम्याचा भाग आला. माझा राग इथून सुरू होतो.

दवाखान्याच्या बिलाचा दावा कंपनीनं नाकारला. कारण विचारायला देवमन आणि रूपा वाशीमच्या ऑफिसात गेले. मीही गेलो, कारण तिथे अख्खा दिवस जाणार हे देवमनला ठाऊक होतं. साहेब मीटिंगमध्ये होते. मग साहेब जेवायला गेले. मग ते आले आणि फोनवर बोलत राहिले. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा थोडा वळवून दाखवला.

"हे बघा. तुमच्या पॉलिसीत लिहिलंय, 'डास व इतर कीटकांच्या चाव्यामुळे होणारे आजार'. डेंग्यू आहे, मलेरिया आहे, चिकनगुनिया आहे. तुमच्या मिसेसना गोचीड चावलीय."

"मंग?" देवमन म्हणाला.

"गोचीड कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात. गोचिडीला आठ असतात. ती कोळी-विंचवाच्या गटात येते. आमच्या तपासणी डॉक्टरांनी तसा शेरा दिलाय."

देवमन पडद्याकडे वाकला. मग म्हणाला, "साहेब, मांसात घुसल्यावर तिचे पाय मोजाचे होते का आमी?"

साहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "शास्त्र आहे ते. मी काय करणार?"

रूपानं विचारलं, "सर, ही दूध संस्थेच्या सभासदांची पॉलिसी आहे. गाई-म्हशी पाळणाऱ्यांना गोचीड चावणार नाही तर कोणाला चावणार?"

"ते तुमच्या संस्थेला विचारा. त्यांनी जे कव्हर निवडलं ते आम्ही दिलं."

मग आम्ही दौलतसिंगांकडे गेलो. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी चहा पाजला. "देवमन, पॉलिसी कंपनीची हाय," ते म्हणाले. "त्याहीनं छापली, आमी सही केली. आता तुमी त्याहीलेच विचारा."

कंपनी संस्थेकडे बोट दाखवायची, संस्था कंपनीकडे. आम्ही मध्ये एसटीनं हेलपाटे घालत होतो. रूपानं फोन लावला की एक गोड आवाज हिंदीत सांगायचा की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग गाणं वाजायचं. मग फोन कटायचा. एकदा वाशीमच्या स्टँडवर गर्दीत मी रूपाच्या हातून निसटलो. माझ्या झाकणाला पोचा पडला आणि वरण सांडलं. रूपानं मला उचललं, आपल्या ओढणीनं पुसलं आणि त्या गर्दीतच म्हणाली, "बाबा, मले आता ओरडावं वाटून राह्यलं." देवमन म्हणाला, "ओरड मंग." पण ती ओरडली नाही.

हे सगळं चालू असताना कुंपणापलीकडे रामीबाईला ताप आला.

अंजना अजून काठी धरून चालत होती. तरी ती तिकडे गेली. रामीबाई ओसरीवर पडली होती. अंजनानं तिचे हात उलटे करून बघितले. तळहातांवर ठिपके होते.

"वाशीमले चाल, रामी. आत्ताच्या आत्ता. हे तेच हाय."

"तुह्यं त्याहीनं नाकारलं ना?" रामीबाई म्हणाली. "मंग माह्यं कसं देतीन? माह्याजवळ तेच कार्ड हाय."

"कार्डाचं मंग पाहू. तू ऊठ."

"उतरते वो ताप. कायले घाबरतं?"

तिचा मुलगा उदयसिंग दारात उभा होता. तो म्हणाला, "काकू, उद्यापर्यंत पाहू. नाहीच उतरला तर नेतो." तो आईवर माया करणारा मुलगा होता. पण त्यानं आमच्या घराची फरफट डोळ्यांनी पाहिली होती. त्याचा उद्या लांबत गेला. गावातल्या डॉक्टरनं पुन्हा तीच सुई दिली.

शेवटी नेलं तेव्हा रामीबाईच्या बोटांची टोकं निळी पडली होती. औषध तेच, साधंच. त्यानं तिचा जीव वाचवला, पण बोटांमधलं रक्त थांबलं होतं. टोकं काळी झाली आणि दोन्ही हातांची काही बोटं डॉक्टरांना अर्धी काढावी लागली.

त्या दिवसांत अंजना मला भरून तिच्यासाठी पाठवायची. मग एकदा देवमनबरोबर स्वतःच घेऊन गेली. मधल्या पुडात रामीबाईला आवडते म्हणून उडदाची आमटी होती. रामीबाईचे हात पांढऱ्या पट्ट्यांत होते. अंजना तिला घास भरवत होती.

"अंजना," रामीबाई म्हणाली, "धार आता कोन काढीन?"

अंजनानं घास तिच्या तोंडाशी धरला. येताना एसटीत ती देवमनला म्हणाली, "आपल्याले पैसे भेटो की न भेटो. तो गोचिडीचा शब्द त्या कागदात आला पाह्यजे. तो नव्हता म्हणून रामी घरी राह्यली."

रामीबाईचाही दावा नाकारला गेला. कारण तेच, पायांचं.

संस्थेची आमसभा आली. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. दुधाचे दर, गुरांसाठी सरकीची ढेप, दूध थंड ठेवायचा नवा कूलर असे विषय झाले. विमा पुढे चालू ठेवायचा ठराव आला, तेव्हा अंजना उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती. मी तिच्या हातात होतो. तिनं माझी कडी घट्ट धरली होती.

"दौलतभाऊ, गोचिडीचा ताप त्याच्यात लेहा म्हना कंपनीले. नाही लेहत तर आपन सही नाही कराची. दुसरी कंपनी पाहू."

"अंजनाबाई, हप्ता वाढीन," दौलतसिंग म्हणाले. "पुढच्या साली पाहू ना."

मागून कोणी म्हणालं, "दोघींसाठी साऱ्यांनी काहून भराचं?" कोणी हसलं. कूलरचा विषय पुन्हा काढा, असंही कोणी म्हणालं.  अंजना खाली बसणार होती.

दौलतसिंगांनी विषय मिटवायला म्हटलं, "बरं, ज्याले हे पटते त्यानं हात वर करा."

पहिला हात रामीबाईचा वर गेला. ती बायकांच्या शेवटच्या रांगेत पदर घेऊन बसली होती आणि तोवर कोणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. पट्ट्या निघाल्या होत्या. तिनं हात उंच धरला आणि खाली घेतलाच नाही. पुढे बसलेले सगळे वळून त्या अर्ध्या बोटांकडे बघायला लागले.  मग तिच्या शेजारच्या बाईचा हात वर गेला, मग पुढच्या रांगेचा, मग पुरुषांमधून देवमनचा, उदयसिंगचा, आणि मघाशी हसलेल्या त्या माणसाचाही. दौलतसिंगांनी हात मोजले नाहीत. त्यांनी मान खाली घालून म्हटलं, "लेहून घ्या. ठराव मंजूर."

मित्रांनो, गोष्ट इथे संपवता आली असती तर मला आवडलं असतं. पण मी खरं सांगायला बसलोय.

कंपनीनं बरेच आढेवेढे घेतले. मग सही मिळत नाही असं दिसल्यावर शब्द घातला. नव्या पॉलिसीत छापून आलं, 'गोचिडीच्या चाव्यामुळे होणारा ताप'. दौलतसिंगांनी दूध संकलनाच्या ओट्यावर ते सगळ्यांना वाचून दाखवलं. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. हे संरक्षण नवीन तारखेपासून लागू, त्याआधीच्या आजारांना नाही.

"म्हंजे आमचं दोघींचं?" अंजनानं विचारलं.

"तुमचं नाही," दौलतसिंग म्हणाले. त्यांना ते म्हणणं जड गेलं, हे दिसत होतं.

अंजनाचा चेहरा रागानं लाल झाला. "आमच्यानं शब्द आला अन् आमालेच नाही?"

रामीबाईनं आपल्या अर्ध्या बोटांनी तिचा दंड धरला. "माह्यी बोटं तर आता वापस येत नाहीत. माह्यी सून धार काढते. तिची राहतीन." मग थोडं थांबून म्हणाली, "पन भांडाचं सोडू नको. मीबी येतो तुह्यासंग."

दोघींनी विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या वरच्या कार्यालयात तक्रार केली आहे. तिच्या सुनावणीची तारीख दोनदा पुढे गेली. माझी कडी सैल झाली आहे, झाकण नीट बसत नाही, आणि एसटीत बसलो की मी खडखडतो. तरी अंजना मलाच नेते.

मित्रांनो, गायीच्या अंगावरची गोचीड उघड्या हातानं ओढू नका. ताप आला, अंगावर ठिपके उठले, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा की घरी जनावरं आहेत. घरात विम्याचं कार्ड असेल तर त्यात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, ते मोठ्यांकडून वाचून घ्या.

आणि तुमच्यातलं कोणी शिकून मोठं होईल, तशाच एखाद्या टेबलामागे बसेल. समोर कोणी बाई येऊन उभी राहील. तेव्हा कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवण्याआधी एकदा तिचे हात बघा.