अकराला अठ्ठावन्न, एकला एक्केचाळीस

सोलरची टाकी गच्चीवर होती आणि तिचे पाणी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत उतरत असे. त्या दोन खोल्या म्हणजे सुनेचा स्पा. बाहेरच्या खोलीत पाय बुडवून बसायच्या खुर्च्या आणि टॉवेलांचे कपाट, आतल्या खोलीत टब. ज्यांची कंबर धरते, गुडघे कुरकुरतात, अशी माणसे मागच्या दाराने वाकून येत आणि तासाभराने जरा सरळ होऊन जात.

सोलर सांभाळायचे काम सासऱ्यांचे. ते चौतीस वर्षे एका मोठ्या धुलाईखान्यात बॉयलरवर होते, म्हणून गल्लीत त्यांना वाफकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर तीन महिने त्यांनी नुसती वर्तमानपत्रे वाचली. मग सुनेने सोलर बसवला आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं. मला यातलं काही कळत नाही." त्या दिवसापासून ते पुन्हा सकाळी दाढी करून कामाला लागले.

काम तसे थोडे होते, पण ते त्यांनी पोटभर केले. ऊन चढायच्या आत काचेच्या नळ्या साबणाच्या पाण्याने पुसायच्या. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकते. शनिवारी टाकीच्या तळाचा नळ उघडून साचलेले क्षार वाहू द्यायचे आणि नळ बंद करायचा. रोज अकराला आणि एकला टाकीवरच्या थर्मामीटरचा आकडा वहीत लिहायचा. त्यांची नात दुसरीत होती. तिला त्यांनी एकदा बाटलीत रंगीत पाणी घेऊन दाखवले होते, की गरम पाणी हलके असते, ते वर जाते. गार जड, ते खाली बसते. नळ्यांत तापलेले पाणी म्हणूनच आपले आपण टाकीत चढते. "कोणी ढकलावं लागत नाही," ते म्हणाले होते. नातीला ते फार आवडले होते. शाळेत तिने सगळ्यांना सांगितले.

आणि गेल्या तीन आठवड्यांपासून हे साधे गणित बिघडले होते.

वहीत लिहिले होते: अकराला अठ्ठावन्न, एकला एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी अकराला साठ, एकला एकोणचाळीस. डोक्यावर रखरखीत ऊन, खाली कोणी टब भरलेला नाही, आणि पाणी तापायच्या ऐवजी निवतेय. वाफकाकांनी चष्मा पुसला. थर्मामीटर काढून उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला, तर तो बरोबर. नळ्या मोजल्या, सगळ्या धड. तळाचा नळ बंद. त्यांनी तो पुन्हा बंद केला, म्हणजे बंदच असलेला नळ आणखी आवळला. जिना उतरताना त्यांना वाटले, आपण तो नक्की आवळला ना? ते परत वर गेले.

चार वाजता पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई यायच्या. तीस वर्षे पत्रे वाटून त्यांचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. त्या टबात उतरल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे पाणी कोणासाठी काढलंयस? बाळाला घालायचंय का आंघोळ?"

"थोडं थांबा, किटलीतलं आणते," सून म्हणाली.

"आण बाई. चहापत्तीही आण. तेवढाच चहा तरी होईल."

बाई हसत होत्या, पण त्या आठवड्यात दोन जणांनी येणे बंद केले. सुनेने ते कोणाला सांगितले नाही. सासऱ्यांना ते टॉवेलांवरून कळले. दोरीवर रोज कमी टॉवेल वाळत होते.

रविवारी मुलाने स्वतः वर जाऊन पाहायचे ठरवले. रविवारी स्पा बंद असे. एक वाजता तो गच्चीवरून ओरडला नाही, शांतपणे खाली आला आणि म्हणाला, "बाबा, चौसष्ट आहे."

"आज आहे," वाफकाका म्हणाले.

"मग बाकीच्या दिवशी काय होतं?"

"तेच तर मला कळत नाहीये."

मुलगा खुर्चीत बसला. त्याला बोलायचे ते सरळ बोलता येईना, म्हणून तो टेबलावरचा चमचा इकडून तिकडे करू लागला. "तळाचा नळ तुम्ही रोज हाताळता का?"

"तपासतो."

"तपासताना उघडा राहून जात असेल थोडा. मुद्दाम नाही म्हणत मी. परवा दूध उतू गेलं, तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होतात."

 दूध उतू गेले होते, हे खरे होते. मागच्या महिन्यात त्यांनी नातीला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती, तेही खरे.

"आणि गच्चीवरच्या ओलीचं काय?" ते म्हणाले. "टाकीवर तो हवेचा उभा पाइप आहे ना, त्याच्यातून पाणी गळतं. दुपारी बाराला मी पाहिलंय. सगळी फरशी ओली असते."

"मी दोनदा संध्याकाळी ऑफिसातून फोन केला, तेव्हा खालची खोली धुऊन ही वर गेली होती. कोरडी होती."

"संध्याकाळपर्यंत ऊन असतं. वाळते."

मुलाने बायकोकडे पाहिले. ती मीठ शोधत होती, ते समोरच होते.

असे ठरले की शुक्रवारी एका डॉक्टरांकडे जायचे, विसरण्याच्या तक्रारी बघणाऱ्या. आणि सोमवारपासून, म्हणजे पुढच्या सोमवारपासून, सोलर एका कंपनीचा माणूस येऊन पाहील. "तुम्हाला विश्रांती," मुलगा म्हणाला. गच्चीच्या दाराची किल्ली तेवढी आठवडाभर त्यांच्याकडे राहिली, कारण ती मागायचा धीर कोणालाच झाला नाही.

त्या रात्री वाफकाकांनी वही चाळली. अक्षर त्यांचेच होते. पण एखादा माणूस आकडे चुकीचे वाचून सुवाच्य अक्षरातही लिहू शकतो. बॉयलरवर असताना त्यांच्या हाताखालच्या एका म्हाताऱ्याने असेच केले होते, दाब चढलेला असताना महिनाभर नीटनेटके आकडे लिहिले होते. तेव्हा त्याला समजावून घरी पाठवायचे काम वाफकाकांवरच आले होते. त्याने विचारले होते, "म्हणजे मला जे दिसतं ते नसतं का?" त्यावर काय उत्तर दिले ते काही केल्या आता त्यांना आठवेना.

बुधवारी बाराच्या सुमारास ते गच्चीवर गेले. उभ्या पाइपातून पाणी गळत होते. फरशी ओली होती. त्यांनी वाकून हात लावला, हात ओला झाला. तो त्यांनी सदऱ्याला पुसला आणि सदऱ्यावरचा डाग बराच वेळ पाहत राहिले, कारण डाग तर खोटे बोलणार नाही.

मग त्यांनी धुलाईखान्यातली जुनी रीत केली. तिथे उस्ताद शिकवायचा: दाबाच्या काट्यावर विश्वास ठेव, पण आधी पाइपाला विचार. वाफ कुठे अडली ते तळहाताला काट्याआधी कळते. टाकीतून खाली स्पाकडे जाणाऱ्या गरम पाइपाभोवती फोमचे वेष्टण होते. त्यांनी ते गच्चीजवळ थोडे सोलले आणि हात ठेवला. ऊबदार. ते जिन्याने अर्धे उतरले, तिथे वेष्टण सोलले. गार. नुसते निवलेले नाही, नळाच्या पाण्यासारखे गार.

ते परत वरच्या जागी आले. आता तिथेही गार लागत होते.

वाफकाका जिन्याच्या पायरीवर बसले. गरम पाण्याचा पाइप, आणि त्याच्यात गार पाणी. तेही खालून वर येतेय. जड पाणी डोंगर चढतेय. असे होत नाही. त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला, कपाळ ठीक होते.

सून जिन्यात दिसली. तिच्या हातात ओल्या टॉवेलांची बादली होती, मागे शाळेतून आलेली नात.

"बाबा, ऊन लागेल. आणि हे काय, फोम का फाडलात?"

"सूनबाई, गार पाणी वर चढतंय," ते म्हणाले.

तिने बादली खाली ठेवली. नात म्हणाली, "आजोबा, गार पाणी खाली बसतं. तुम्हीच तर शिकवलंत."

"हो. मीच शिकवलं."

"मग?"

"मग मला माहीत नाही, बाळा."

सुनेचा चेहरा पाहून त्यांना कळले, की ती आता मुलाला फोन करणार. त्यांना रागही आला नाही. त्यांनी फक्त सरकून पायरीवर जागा केली. "फोन कर. पण आधी इथं हात ठेव. मला काय वाटतंय ते मी सांगणार नाही. तुला काय वाटतं ते तू सांग."

तिने टॉवेलाला हात पुसून पाइपावर ठेवला. "गार आहे," ती म्हणाली.

"कोणता पाइप आहे हा?"

"गरम पाण्याचा." तिने हात काढला, पुन्हा ठेवला. मग मधल्या पायऱ्यांवर उतरून तिथे ठेवला. "इथं तर जास्तच गार आहे. बाबा, असं कसं?"

तीन आठवड्यांत पहिल्यांदा घरातले दुसरे कोणीतरी बुचकळ्यात पडले होते. वाफकाकांना एकदम तहान लागल्यासारखे झाले.

"चला, खाली जाऊ," ते म्हणाले. "पाइपाचा हात धरून जायचं. कुठं नेतो बघू."

पाइप भिंतीवरून उतरून टबाच्या खोलीत शिरत होता. खोलीत बासरीची धून लावलेली होती. सुनेने ती बंद केली, तेव्हा मागच्या अंगणातून नव्या पंपाची घरघर ऐकू आली. वाफकाकांना ती आलीच नाही, बॉयलरने त्यांचे कान अर्धे नेले होते. नात म्हणाली, "आई, पंप का चालू आहे? नळ तर बंद आहेत."

टबाच्या वर दोन नळ होते, एक गरम, एक गार, आणि दोन्हींचे पाणी मिसळून एका लवचिक नळीतून हातातल्या शॉवरला जायचे. शॉवरच्या मुठीवर खटका होता. दाबला की पाणी, सोडला की बंद. वाफकाकांनी गरम नळाला हात लावला. नळ उघडा होता. गारही उघडा होता. दोन्ही नळांवर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका होता, आणि भिंतीवर त्याच्या समोर दुसरा.

"हे काय?"

"माझी खूण," सून म्हणाली. "दर वेळी गरम-गार जुळवत बसलं तर पाच मिनिटं जातात आणि लोकांच्या अंगावर कधी चटका, कधी शिरशिरी. म्हणून रोज अकराला स्पा उघडताना एकदा ठिपक्याला ठिपका लावून ठेवते आणि दिवसभर नुसता खटका वापरते. संध्याकाळी खोली धुताना बंद करते." ती थोडी ताठ झाली. "पहिल्यापासून असंच करते मी. तेव्हा तर पाणी जात नव्हतं."

"तेव्हा पंप नव्हता."

पंप तीन आठवड्यांपूर्वी बसला होता. शॉवरला जोर नाही म्हणून प्लंबरने तो गार पाण्याच्या लाइनवर लावला; पाणी वाहू लागले की तो आपोआप सुरू होई. गरम पाणी मात्र अजून गच्चीवरून आपल्या वजनाने उतरत होते. वाफकाका स्टुलावर बसले आणि नातीला समजेल अशा बेताने हळूहळू बोलू लागले. खरे तर त्यांनाही त्याच वेगाने कळत होते.

"दोन्ही नळ उघडे. तोंड मात्र खटक्यानं बंद. म्हणजे आत दोन पाणी समोरासमोर उभी. एकाच्या मागं पंप आहे, दुसऱ्याच्या मागं कोणी नाही. मग काय होईल?"

"पंपवालं ढकलेल," नात म्हणाली.

"कुठं?"

तिने छताकडे पाहिले. "वर."

"जड असलं तरी?"

"ढकललं तर जाईलच ना. मलाही बाबा ढकलतात झोपाळ्यावर."

सुनेने पुढे होऊन दोन्ही नळ बंद केले. अंगणातली घरघर थांबली. ती तशीच उभी राहिली, ओला हात हवेत धरून, त्याचे काय करायचे ते न सुचल्यासारखी.

"रविवारी मी वापरत नाही," ती म्हणाली. "म्हणून रविवारी चौसष्ट."

"हं."

"आणि मीच सगळ्यांना सांगत होते की फरशी कोरडी आहे."

"कोरडीच होती की. तू नळ बंद करून वर यायचीस, तोवर वाळायची." ते उठले. "प्लंबरला बोलाव. गरम लाइनवर एकाच बाजूला उघडणारा व्हॉल्व्ह घालायला सांग, म्हणजे उलटं जाणार नाही. तोवर नळ बंद करत जा."

चार वाजता पोस्टातल्या बाई टबात उतरल्या, आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. सून घाबरून दाराशी आली. "बरं आहे ना पाणी?"

"गप," बाई म्हणाल्या. "मला आत्ता कोणी बोलायला लावू नका."

संध्याकाळी मुलगा आला. सुनेने त्याला दारातच सगळे सांगितले, जिन्यात नेऊन पाइप दाखवला. तो वडिलांसमोर येऊन बसला. या खेपेला टेबलावर चमचा नव्हता, म्हणून त्याने हात मांडीखाली घेतले.

"मी डॉक्टरांना फोन करून शुक्रवारचं रद्द करतो," तो म्हणाला. "कंपनीलाही सांगतो."

"कंपनीला सांग," वाफकाका म्हणाले. "डॉक्टरांचं राहू दे."

"पण बाबा, तुमची चूक नव्हती. तुम्ही बरोबर होतात."

"पाण्याच्या बाबतीत होतो. दूध मीच उतू जाऊ दिलं." ते थांबले. "एक गळती दुसऱ्याची निघाली म्हणून आपली नसतेच असं नाही. बघून घेऊ. नसली तर डॉक्टर सांगेल."

"आणि असली तर?" नातीने विचारले. तिला सगळे कळले नव्हते, पण विचारायची जागा बरोबर होती.

मुलगा तिला गप्प करणार होता. वाफकाकांनी हात वर करून त्याला थांबवले आणि उत्तर शोधू लागले.  घरात कोणी घाई केली नाही.

"मी येते शुक्रवारी तुमच्याबरोबर," शेवटी सूनच म्हणाली.

"आणि स्पा?"

"सकाळचा बंद ठेवते. तिथं डॉक्टर काय विचारतील ते तुम्ही सांगा. जे तुम्हाला आठवणार नाही ते मी सांगेन."

वाफकाकांनी मान हलवली. मग म्हणाले, "मला आठवतंय आणि तुला पटत नाहीये, असं झालं तर?"

सुनेने जरा विचार केला.

"तर मी आधी हात लावून बघेन," ती म्हणाली.