लहानूची साखर

जरीपटका वस्तीतल्या त्या सभागृहात तीनशे माणसं मोबाइल हातात धरून बसली होती. व्यासपीठावर भैयाजी महाराजांनी डोळे मिटले, बोट कपाळाला लावलं आणि म्हणाले, "आता मी तुमच्यात येतो." पाच सेकंद गेले असतील, तीनशे फोन एकदम वाजले. प्रत्येकाच्या फोनवर ज्याचं त्याचं नाव, ज्याचं त्याचं दुखणं. बाया तर रडायलाच लागल्या.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. तीस वर्षं असले चमत्कार उघडे पाडतोय आणि खरं सांगतो, कंटाळलोय. पूर्वी नारळातून आग निघायची, रसायनाची पुडी दाखवली की भागायचं. आता ॲप आलं. मी घरीच बसलो असतो, पण शेजारच्या पार्वतीबाईंनी आठ दिवसांपासून इन्सुलिन बंद केलं होतं. घसा कोरडा, उठलं की डोळ्यापुढे अंधारी.

"काहून बंद केलं?" मी विचारलं होतं.

"महाराजानं सोताहून सांगितलं, गुरुजी. पाहा न." मागच्या सभेतला संदेश त्यांनी दाखवला: 'पार्वती, तुझी साखर मी घेतली. सुई सोड.' "माह्यं नाव त्याले कोणी सांगितलं, सांगा बरं?"

"तुम्हीच! ॲप टाकताना फॉर्म भरला नाही का?"

"तो त प्रसादासाठी होता."

घ्या! आता डोकं कुठं आपटावं?

माझी जुनी विद्यार्थिनी मोनाली रामदासपेठेत ॲपच बनवते. ती म्हणाली, "सर, एक फॉर्म तुम्ही भरा. खोटा." मी भरला. नाव लहानू, आजार शुगर, रोज सुई. सेवेकऱ्यानं भक्तिभावानं माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं.

म्हणून त्या दिवशी तीनशे फोनांत माझाही वाजला. मी उभा राहिलो. "महाराज, मोठ्यानं वाचू का?"

महाराज प्रसन्न. "वाच बेटा! माझ्यापासून काय लपतं? हाडामांसाच्या आतलं पाहतो मी!"

मी वाचलं, "'लहानू, तुझी साखर मी घेतली. सुई सोड.'"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. अर्धं सभागृह माझेच विद्यार्थी. लहानू म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला हाडांचा सापळा, पोरांनीच ठेवलेलं नाव.

"अबे, सापळ्याले शुगर झाली बे!" माझा जुना विद्यार्थी नत्थूजी ओरडला आणि सभागृहात हशा फुटला.

मोनाली पुढे आली. "ॲप टाकलं की तुमच्या फोनचा पत्ता ह्यांच्या सर्व्हरवर जातो. सर्व्हर म्हणजे दूर कुठं तरी चालू असलेला कॉम्प्युटर. त्याच्यात यादी असते, कोणाले काय दुखते. महाराज डोळे मिटतात, इकडे कोणी तरी बटण दाबतो. शुगरवाल्यांना शुगरचा मजकूर, गुडघेवाल्यांना गुडघ्याचा. नाव मशीन भरते. गॅस सिलिंडरचा मेसेज येतो न, तसंच. पटत नसंल त व्यासपीठामागचा तो पडदा उघडा."

नत्थूजीनं पडदा ओढला. मागे माळ घातलेला एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन बसला होता. समोर यादी उघडीच: 'शुगर, एक्केचाळीस जण.' महाराजांना तेवढ्यात काही तरी आठवलं आणि ते मागच्या दारानं गेले.

सगळे हसत होते. माझ्या बाजूलाच बसलेल्या पार्वतीबाई हसल्या नाहीत. मी त्यांना रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस काढले असते तर कठीण होतं.

सलाइन लागल्यावर त्या हळूच बोलल्या, "खोटं असंल असं मले वाटलंच होतं, गुरुजी. पण दिसभर कोणाचा फोन नाही येत. तो नाव घेऊन बोलत होता."

भिंतीला भिंत लागून घर, आणि आठ दिवसांत मी फक्त रागवायला गेलो होतो. लाज वाटली मला.

तेव्हा बाबांनो, फोन वाजला की हात जोडण्याआधी विचारा: बटण कोणी दाबलं? माझं नाव, माझं दुखणं त्याला कोणी दिलं? औषध सोडायचं तर ज्यानं दिलं त्या डॉक्टरला विचारा. आणि आपण शहाणी म्हणवणारी माणसं, आपणही शेजारचं दार वाजवत जाऊ. नाही तर तिथं महाराज शिरणारच.

मी आता रोज सकाळी वाजवतो. "पार्वतीबाई, सुई घेतली का?"

"घेतली, गुरुजी. या, चहा मांडून राहिली."