खिडकीतली चिलटे

ताईने मशीनचे चाक हाताने थांबवले आणि दोन्ही तळवे नाकासमोर फटकन आपटले. मग ते जपून उघडून पाहिले.

"पळालं मेलं. हातावर तुरी देऊन."

खिडकीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बसलेल्या धाकट्या भावाने मान वर केली नाही. त्याच्या हातात पिवळ्या चिकट कागदाचा तुकडा होता. त्यावर अडकलेल्या चिलटांभोवती तो शिसपेन्सिलीने एकेक गोल करत होता. गोल केलेले चिलट मोजून झालेले, म्हणजे उद्या पुन्हा तेच मोजले जायला नको. चौतीस वर्षे त्याने एका छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम केले होते. चूक दिसली की गोल करायचा, एवढे हाताला न सांगता कळत होते.

"किती?" ताईने विचारले.

"आज दोन."

"दोन म्हणे! माझी सकाळपासून पाच झाली."

कापडावर खुणा करायच्या खडूने तिने टेबलाच्या कडेवर पाचवी रेघ ओढली.

घरात धड उजेड येणारी खिडकी एकच. तिच्या डाव्या बाजूला ताईचे मशीन आणि पांढऱ्या कोटांचा ढीग. एका प्रयोगशाळेचे चोवीस कोट महिनाअखेरीला द्यायचे होते. उजव्या बाजूला एका ट्रेमध्ये तळाला भोके पाडून मातीने भरलेले अकरा स्टीलचे पेले आणि प्रत्येकात गुलाबाची एक काडी. नवरा गेल्यावर ताई मशीन घेऊन इथे राहायला आली, त्याला बारा वर्षे झाली होती. ती त्र्याहत्तर वर्षांची होती, धाकटा अडुसष्टचा. लग्न त्याने केले नव्हते. म्हणजे एकदा विचारायला गेला होता आणि न विचारताच परत आला होता, असे ताई सांगे.

काड्या छापखान्यातल्या होत्या. मागच्या भिंतीवर चढलेल्या त्या गुलाबाखाली त्याने चौतीस वर्षे डबा खाल्ला. भिंत पाडणार हे कळल्यावर तो तिथे गेला, फाटकाशी अर्धा तास उभा राहिला आणि शेवटी रखवालदारानेच विचारले म्हणून आत शिरला. दुसऱ्या दिवशी भिंतही नव्हती आणि गुलाबही. जात कोणती, हे नर्सरीवाल्यालाही सांगता आले नाही. आता त्या झाडाचे जे काही उरले होते, ते या अकरा पेल्यांत होते.

काड्या सुकू नयेत म्हणून त्याने दोन वेळा पाणी घातले, वरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. मुळे फुटायच्या आधी चिलटे फुटली. काळी, तिळाएवढी, हवेत रेंगाळणारी. एक तर कोटाच्या कॉलरमध्ये शिवले गेले. ताईला अख्खी कॉलर उसवावी लागली. त्या दिवशी तिने निकाल दिला.

"महिनाअखेरपर्यंत बघते. त्या दिवशी एक जरी चिलट दिसलं तरी हा बाजार जिन्यात."

जिन्यात उजेड नव्हता. तिथे काड्या आठवडाभरही टिकणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते.

नर्सरीवाला हसला होता. "काका, पाणी किती घालता? तुम्ही गुलाब नाही लावलेत, चिलटं पाळलीत."

मग धाकट्याने पिशव्या काढल्या. वरची माती बोटभर कोरडी होईपर्यंत पाणी बंद केले आणि नंतर ट्रेमध्येच ओतायला लागला, म्हणजे पेल्यांच्या भोकांतून जेवढे वर चढेल तेवढेच. बारीक वाळू धुऊन, कढईत भाजून मातीवर तिचा थर दिला. त्याआधी चार दिवस मातीवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. सकाळी चकती उलटली की खाली काळ्या डोक्याच्या दोऱ्यासारख्या अळ्या चिकटलेल्या असत.

"आता बटाटेही त्यांनाच," ताई म्हणाली. "मला मात्र जिना उतरून आणायला सांग."

पहिल्या आठवड्यात कागदावर एकसष्ट गोल झाले. दुसऱ्यात तेवीस, तिसऱ्यात चार. चौथ्या आठवड्यात कागद कोरा राहिला.

ताईच्या रेघा मात्र थांबल्या नाहीत. आधी दिवसाला पाच होत्या, मग आठ. चौथ्या आठवड्यात त्या टेबलाची कड ओलांडून खालच्या फळीवर उतरल्या.

धाकट्याने भिंग घेऊन कोरा कागद पुन्हा तपासला. मग दुसरा लावला, खिडकीच्या वरच्या बाजूला. तोही कोराच राहिला. दुसरा कोणी असता तर त्याने ताईच्या मोजणीवर शंका घेतली असती. धाकट्याला ते सुचले नाही. प्रत्येक पुस्तक छापून आले की त्यात एक तरी चूक सापडेच, आणि ती नेहमी त्याच्या डोळ्यांखालून गेलेली असे. त्याला दिसत नाही म्हणजे ते नाहीच, असे आयुष्यात कधी झाले नव्हते. तेव्हा चिलटे असणार. तोच कुठेतरी कमी पडत होता.

त्याने पेल्यांना मलमलीचे तुकडे बांधले. बेसिनच्या जाळीत उकळते पाणी ओतले. पडदे धुतले. शेवटी दोन दिवस ट्रे न्हाणीघरात ठेवून दार लावून घेतले. त्या दोन दिवसांत ताईने एकोणीस रेघा ओढल्या.

"पडद्यामागे राहिली असतील आधीची," तो म्हणाला.

"पडदे धुतलेस ना?"

"धुतले. पण माझ्या हातून काय, काहीही राहू शकतं."

"ते मात्र खरं," ताई म्हणाली आणि मशीन चालू केले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वीस कोट घड्या घालून तयार होते. एकविसावा मशीनवर होता. धाकटा खुर्ची ओढून ताईच्या अगदी शेजारी बसला होता. आज निदान एक तरी चिलट आपल्या डोळ्यांनी पाहायचे आणि मग मुकाट ट्रे उचलायचा, असे त्याने ठरवले होते.

ताईचे तळवे आपटले.

तो त्याच जागी बघत होता. तिथे काही नव्हते.

"कुठे?"

"हे काय, नाकासमोर! आंधळा आहेस का? बघ, खाली गेलं. कोटावर बसलं."

कोट पांढरा होता. त्यावर धाग्याचे टोकसुद्धा नव्हते.

"कुठे कोटावर?"

ताईने बोट टेकवले. मग ते उजवीकडे सरकले, मग आणखी उजवीकडे. "बघायला गेलं की सरकतं. भारी लबाड जात तुझी."

धाकटा काही वेळ तिच्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याने भिंग खिशात ठेवले.

"ताई, डावा डोळा झाक."

"आता हे काय नवीन?"

"झाक ना. आहे चिलट?"

"आहे की. दोन आहेत."

"आता उजवा झाक."

ताईने हात बदलला. मान पुढे काढून तिने कोट जवळून पाहिला.

"उडाली वाटतं," ती म्हणाली.

"हात काढ."

तिने हात काढला. पुन्हा डावा डोळा झाकला, पुन्हा उजवा. या वेळी तो काही सांगत नव्हता.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"तुझी आली तेव्हापासूनच असतील. मला काय माहीत कुठली कोणाची?" तिने कोटाची शिवण अंगठ्याने सपाट केली. "कालपासून या कोपऱ्यात जरा अंधारल्यासारखं वाटतंय. म्हटलं, तुझ्या पेल्यांची सावली असेल."

पेले उजवीकडे होते. तिने बोटाने दाखवलेला कोपरा उजव्या डोळ्याचा, नाकाजवळचा होता.

धाकटा उठला. कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्याची सकाळची वेळ एक वाजेपर्यंत, हे त्याला माहीत होते. दवाखान्याच्या पाटीवरचा 'दृष्टी' शब्द चुकीचा लिहिलेला होता. कित्येक वर्षे तो जाता-येता ती चूक वाचत आला होता, पण आत जाऊन कोणाला सांगणे काही जमले नव्हते.

"चल. चपला घाल."

"कुठे?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"चिलटांसाठी डोळ्यांचा डॉक्टर? लोक हसतील रे. चार कोट राहिलेत, ते झाले की जाऊ. उद्या, नाहीतर परवा."

"आत्ता."

हा शब्द त्याच्या तोंडून ताईने फारसा ऐकला नव्हता. तरी तिने दुसरी बाही मशीनखाली सरकवली. धाकट्याने एक क्षण तिच्याकडे पाहिले, मग वाकून ट्रे उचलला. अकरा पेले एकमेकांना लागून किणकिणले.

"महिना संपला. तुला चिलट दिसलं. मी हरलो," तो म्हणाला. "हा जिन्यात ठेवतो. तू ऊठ."

ताईचा हात चाकावर थांबला. "एवढ्या सहज? तीन काड्यांना तर फूटही आलीये."

"चार."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने सुई वर केली, कोट बाजूला सारला आणि आत जाऊन पिशवी घेऊन आली.

जिन्यात त्याने ट्रे भिंतीशी खाली ठेवला. ताई पुढे निघाली, एक हात कठड्यावर, पायरी चाचपत. कालपर्यंत ती अशी उतरत होती का, हे त्याला आठवेना.

तो गुडघ्यांवर वाकला आणि त्याने पेल्यांवरची मलमल एकेक करून सोडली. मातीत एखादे चिलट दडलेले असले, तर पेल्याला टिचकी मारली की ते उठते. त्याने पहिल्या पेल्याला टिचकी मारली आणि एक तरी उठेल म्हणून वाट पाहिली. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला.

"अरे, चल ना!" खालून ताईचा आवाज आला. "मघाशी घाई कोणाला होती?"

"आलो, आलो," तो म्हणाला. अकरावा पेला झाला होता. तो पुन्हा पहिल्याकडे वळला आणि त्याने जरा जोरात टिचकी मारली.