सावली सोड

विभावरीच्या घरात पडद्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. शारजातला तो फ्लॅट पश्चिमेचा. संसार मांडला त्या पहिल्याच उन्हाळ्यात नव्या सोफ्याचा रंग उडाला आणि टीव्हीवरची शोभेची मेणबत्ती कमरेत वाकून आल्यागेल्याला नमस्कार करायला लागली. तेव्हापासून बाईने उन्हाशी जे वैर धरलं ते धरलंच. अस्तर लावलेले जाड पडदे, कडांना चिमटे आणि भर दुपारी ट्यूबलाइट. नवरा प्रल्हाद चेष्टा करायचा, "अगं, वटवाघूळसुद्धा संध्याकाळी बाहेर पडतं." ती म्हणायची, "तुम्ही पडा खुशाल. माझी पोरगी पडायची नाही."

आणि पोरगी खरंच पडली नाही. मिहिका या देशात लहानाची मोठी झाली ती गार बसमधून गार शाळेत आणि गार गाडीतून गार मॉलमध्ये. ऊन म्हणजे दारापासून गाडीपर्यंतचं अंतर, तेही पळत कापायचं. "उन्हात जाऊ नकोस" हे आईचं वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते कानांना ऐकू येत नसे, पाय आपोआप ऐकत.

तर ही मिहिका गेल्या सप्टेंबरात ऑस्ट्रियातल्या ग्रात्स नावाच्या शहरात आर्किटेक्चर शिकायला गेली. पहिले दोन महिने फोटोच फोटो. मग फोटो आटले, मग फोन आटले, आणि जानेवारीत एक दिवस फोन आला तो रडतच. "आई, आय वॉन्ट टू कम होम. इथे सकाळी उठावंसंच वाटत नाही."

विभावरीने बोलता बोलताच कपाटातून तिची उशी बाहेर काढली. पण प्रल्हादने फोन हातात घेतला. "बाळा, पाडव्यापर्यंत कळ काढ. पाडव्याला नुसतं 'येते' म्हण, मी त्याच दिवशी तिकीट काढतो. का, कशासाठी, एक शब्द विचारणार नाही."

तेव्हापासून विभावरी पाडव्याकडे डोळे लावून बसली होती. खोटं कशाला बोला, तिला लेक परत यायला हवी होती. नवऱ्याला तिने तसं सांगितलं नाही, देवाला मात्र रोज सांगितलं. इथल्याच एका युनिव्हर्सिटीत चौकशी करून झाली होती. मिहिकाच्या पलंगावर नवी चादर पडली होती. चांगल्या आईने असं मागू नये हे तिला कळत होतं, पण कळून काय उपयोग! संध्याकाळी पाच वाजता घर खायला उठायचं.

आणि यंदा पाडवा आला तो नेमका ईदच्याच दिवशी. रस्ते सामसूम, सगळी बिल्डिंग अत्तराने घमघमलेली. वॉचमन हमीदुल्लाने पार्किंगजवळच्या कडुनिंबाचा डहाळा सकाळीच आणून दिला होता. विभावरीने बाल्कनीत हातभर उंचीची गुढी उभारली, तेवढ्यापुरता पडदा सरकवला, नमस्कार केला आणि पडदा पुन्हा ओढून घेतला. दहाच्या सुमाराला समोरच्या फ्लॅटमधल्या रुकय्याभाभी शीरखुर्मा घेऊन आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, त्यामुळे दारातच गप्पा रंगल्या.

"पोरगी येतेय म्हणे?" भाभींनी श्रीखंडाची वाटी घेत विचारलं.

"इन्शाल्ला," विभावरी म्हणाली आणि स्वतःशीच हसली. पाडव्याच्या दिवशी तोंडातून काय निघालं बघा!

दुपारी जेवून प्रल्हाद लवंडला. दोनच्या सुमाराला फोन वाजला. तिकडे नुकतेच बारा वाजले होते. स्क्रीनवर मिहिका दिसली, लॅपटॉपच्या निळ्या उजेडात, केस विस्कटलेले, अंगावर रात्रीचेच कपडे.

"हॅपी पाडवा, आई. बाबा कुठेत? त्यांना सांग ना, तिकीट बघा म्हणून. आय ॲम डन. मी येते."

झालं! देवाने ऐकलं! विभावरीचं काळीज सुपाएवढं झालं. "सांगते, सांगते," म्हणून ती उठलीसुद्धा. तेवढ्यात फोनमधून गलका ऐकू आला. हसणं, कुणीतरी गिटार वाजवत होतं, एक कुत्रं भुंकत होतं.

"हा कसला गोंधळ गं? तुमच्याकडेही ईद आहे का?"

"नाही गं. खाली पार्क आहे ना. आज पहिल्यांदा नीट ऊन पडलंय, तर सगळे वेड्यासारखे गवतावर लोळतायत. सगळा क्लास तिथेच आहे."

"आणि तू?"

"आई," मिहिका जरा वैतागून म्हणाली, "इट्स सनी."

बाहेर धो धो पाऊस आहे, कशी जाऊ, असं म्हणावं तसं ती म्हणाली. विभावरी होती तिथेच थांबली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मिहिकाच्या मागे खिडकी होती. खिडकीवर जाड, काळपट पडदा होता आणि त्याच्या कडांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले होते. त्यातून एक बारीक फट राहिली होती, तिथून भिंतीवर उजेडाची पिवळी रेघ उतरली होती.

"मिहू, तो पडदा कधीपासून लावलाय?"

"आल्यापासून. का? घरासारखाच आहे ना?"

विभावरीची नजर आपल्या पडद्याच्या चिमट्यांवर गेली. म्हणजे पोरीने अख्खा हिवाळा असा काढला होता! जिथे थंडीत आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी सूर्य तोंड दाखवतो, तिथे तिने त्यालाही बाहेर उभं केलं होतं. गावाने छळलं नव्हतं तिला, थंडीनेही नव्हतं. आईने शिकवलेलं ती मन लावून करत होती.

हे प्रल्हादला दिसलं नसतं. तिथल्या कुणालाच दिसलं नसतं. दिसलं ते फक्त विभावरीला, आणि ती गप्प बसली असती तर चार दिवसांत पोरगी त्या नव्या चादरीवर येऊन झोपली असती. कुणी तिला दोष दिला नसता. ती गप्प बसलीही, अगदी शेजारच्या खोलीतलं प्रल्हादचं घोरणं ऐकू येईपर्यंत. मग तिने स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली.

"पडदा उघड."

"काय?"

"चिमटे काढ आणि उघड. आणि खाली जा."

"आई, आर यू ओके? तूच म्हणतेस ना, डोकं दुखेल, काळी पडशील..."

"मी म्हणते त्यातलं निम्मं शारजापुरतं आहे. ऊठ."

"एकटी जाऊन काय करू? सगळे ग्रुपमध्ये बसलेत. आय विल लुक स्टुपिड."

"एकटी कशाला? मी येते की!"

आणि बाई खरंच निघाल्या. छत्री नाही, डोक्यावर ओढणी नाही, पायात घरातल्याच सपाता. लिफ्टच्या दारात हमीदुल्ला आडवा आला. "मॅडम, बाहर? अभी? तब्येत ठीक है?" तो बिचारा खुर्ची आणायला धावला. त्याला हातानेच थांबवून ती बाहेर पडली. मार्चचा शेवट, म्हणजे इथलं ऊन अजून मवाळच म्हणायचं, तरी कपाळाला चटका बसला. समोरच्या वाळूच्या पार्किंगमध्ये जिवंत म्हणावी अशी एक मांजर होती, आणि तीही गाडीखाली.

फोनवर मिहिकाचं कोट चढवणं, जिना, दरवाजा. मग उजेड असा आला की सगळी स्क्रीन पांढरी झाली.

"अगं, कुठे चाललीस भिंतीच्या कडेकडेने? सावली सोड!"

"सवय आहे, आई!"

"सोड म्हणते ना! मध्ये चाल."

मिहिका थबकली, फोनमध्ये नीट पाहिलं आणि ओरडली, "चीटर! तू स्वतः झाडाखाली उभी आहेस!"

विभावरीने वर पाहिलं. खरंच की! तिच्याही नकळत पायांनी तिला कडुनिंबाखाली नेऊन उभं केलं होतं. ती खो खो हसत सुटली. तिकडे मिहिकाही हसायला लागली. किती महिन्यांनी पोरीचे दात दिसले! "बरं बाई, चल, दोघी मिळून," विभावरी म्हणाली. "यल्ला, एक, दोन, तीन." आणि मायलेकी एकदमच सावलीतून बाहेर आल्या.

विभावरी पार्किंगच्या कट्ट्यावर बसली. मिहिका गवतावर बसली. "ओलं आहे," ती कुरकुरली. मग बूट काढले. मग मोजे. डोळे मिटून तिने तोंड वर केलं होतं, लहानपणी न्हाऊन झाल्यावर पुसून घ्यायला करायची तसं.

"आई, गरम नाही लागत गं हे ऊन. नुसतं... हात ठेवल्यासारखं वाटतं."

विभावरी फोनवर आणखी वाकली. "आजूबाजूला काय आहे, दाखव."

मिहिकाने फोन फिरवला. गवतात बारीक पांढरी फुलं सांडली होती. पानं न फुटलेल्या काळ्या झाडांच्या टोकांना हिरवे ठिपके आले होते. एक आजोबा शर्ट काढून बाकावर पसरले होते आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. "शी!" विभावरी म्हणाली, आणि पुन्हा दोघी हसल्या.

तेवढ्यात लांबून कुणीतरी हाक मारली, "मिहिका! यू आर अलाइव्ह!" एक झिपरी मुलगी बॅडमिंटनची रॅकेट हलवत होती.

"आई, एक मिनिट हं, येते. होल्ड," म्हणून मिहिकाने फोन गवतावर ठेवला आणि ती अनवाणीच पळाली.

विभावरीने होल्ड केलं. स्क्रीनवर निळं आकाश आणि एक फांदी, बस. मधूनच एखादं फूल उडत जायचं, फूल म्हणजे बॅडमिंटनचं. मिहिकाचा आवाज तेवढा ऐकू येत होता, "नो, नो, दॅट वॉज आउट!" भांडत होती! शाळेत असताना भांडायची तशी, तावातावाने. एका मिनिटाची दहा झाली, वीस झाली. विभावरीच्या मानेवरून घामाची धार लागली होती. ती हलली नाही.

डोळे चोळत प्रल्हाद खाली आला. मागे काळजीत पडलेला हमीदुल्ला होता, हातात पाण्याची बाटली घेऊन.

"अगं, वेड लागलं का तुला? उन्हात काय बसलीस? मिहूचा फोन आला का? काय म्हणाली? तिकीट बघू ना?"

"नका बघू."

"का? 'येते' म्हणाली नाही?"

"म्हणाली. दोनदा म्हणाली." विभावरीने फोन त्याच्यासमोर धरला. आकाश, फांदी आणि कुठूनतरी लेकीचं खिदळणं.

प्रल्हादने तिच्याकडे नीट पाहिलं. "डोळ्यांत ऊन गेलं का गं?"

"ऊन कशाला जाईल? रडतेय मी," विभावरी म्हणाली. "पोरगी येत नाही आता. तिला अजून माहीत नाही, पण येत नाही. मीच घालवली तिला खाली."

प्रल्हादला सगळं कळलं असं नाही, पण तो तिच्या शेजारी बसला. कट्टा तापला होता, तो ताडकन उठला. मग पायजमा सावरून पुन्हा बसला, आणि दोघं आकाशाकडे बघत राहिली.