बनूची सुपारी

आमचे मालक भारी हट्टी. परसाकडं रक्त जायला लागल्याला वरीस होत आलं, पन मला एका शब्दानं सांगितलं न्हाई. शेवगावच्या बाजारातून एरंडेल आनायचे, दर अमावस्येला कोठा साफ करायचे, आन मग दोन दिस पोट धरून वाकून चालायचे. इचारलं की म्हनायचे, काय न्हाई, पोट बिघडलंय. त्यांचा चुलता असाच रक्त जाऊन कॅन्सरनं गेल्ता. ह्यांनी मनानंच ठरवून टाकलं, आता आपला नंबर.

आन ठरवलं ते गुपचूप. म्हनून ह्यांना एकाएकी कसली घाई सुटली ते मला कळंना. बनू आमची सातवीत, साळंत हुशार, दिसभर हुंदडनारी पोर. तिला ह्यांनी स्थळ आनलं. आपल्या डोळ्यांदेखत पोरीवर अक्षता पडल्या पायजेत, एवढंच धरून बसले. सोमवारी सुपारी फोडायची बी ठरली. मी भांडले, चूल पेटवली न्हाई, पन ऐकतील तर ते मालक कसले! पोर कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसायची, तिच्याकडं बघवत नव्हतं. मग एक दिस धोतर धुताना डाग दिसले आन सगळा उलगडा झाला. वलं धोतर मी तसंच त्यांच्यापुढं आपटलं.

"मरायचं असंल तर डाक्टर सांगंल," मी म्हनलं. "तुमी कोन ठरवनार?"

सुपारी पुढं ढकलायला लावली आन त्यांना धरून नगरला नेलं. डाक्टरनं खालून नळी घालून बघितलं, आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला धाडला. 

निकाल आला. कॅन्सर न्हाई. डाक्टरनं समजावून सांगितलं, आतड्याला आतून जे अस्तर असतं, ते सुजलंय, त्याला जखमा झाल्यात. अंगात रोगाशी लढनारी फौज असती, ती उलटून आपल्याच आतड्यावर तुटून पडलीया. असं का होतं, ते अजून कुनालाच नीट ठावं न्हाई. गोळ्या नेमानं घ्यायच्या. दुखनं अधूनमधून उचल खाईल, पन मानूस जगतो, शेती करतो, नातवंडं खेळवतो. एरंडेलाचं ऐकून मातर डाक्टर लई तापला. उघड्या जखमेवर काथ्या घासत होता तुमी, म्हनाला.

बाहेर येऊन मी पायरीवरच फतकल मारली आन पोटभर रडले. बाळंत झाल्यावर वाटतं, तसं हलकं वाटलं बघा. मालक उभेच हुते, तोंड पाडून. आता आनखी काय झालं ह्यांना, मला कळंना.

"अगं, त्या लोकांना शब्द दिलाय," ते म्हनाले. "सोयरीक मोडायची तर कारन काय सांगायचं?"

मी पदरानं डोळं पुसलं.

"सांगा, पोरीचा बाप जित्ता हाय."