रंधा मारण्याआधी

“गुरुजी, ह्या पेशंटाक श्वास रोखूक सांगूक नको, तितक्याच बरा,” गुरुदास म्हणाला आणि देवळातली चित्राची फळी त्याने एक्स-रेच्या टेबलावर आडवी केली. मालवणच्या त्या दवाखान्यात तो फोटो काढायचा. एकेकाळचा माझा विद्यार्थी. डॉक्टर जेवायला गेले होते, तेवढ्यात उरकायचं होतं.

फळीवर निळ्या ऑइलपेंटचा विष्णू होता. जुन्यावरच नवा रंग चढवायची आमच्या गावची रीत. या खेपेला पोपडे सुटले, म्हणून आधी रंधा मारून फळी कोरी करायचं ठरलं होतं. खाली जुन्या चिताऱ्याचं काम असावं, अशी मला शंका. जुने चितारी तांबड्या रंगासाठी हिंगुळ वापरत; त्यात पारा असतो आणि तो किरण अडवतो, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं.

ओली फिल्म गुरुदासने दिव्यासमोर धरली. खिळ्यांच्या मध्ये एक फिकट चेहरा, छातीशी धरलेला हात.

“आत कोणतरी आसा,” तो हळूच म्हणाला.

देवळात मानकरी भाईंनी ती फिल्म उन्हाकडे धरली. त्यांना खिळे तेवढे दिसले. कुणीतरी विचारलं, ही छाती कोणाची? मी पारा, किरण समजावू लागलो आणि माझंच मला पटेना. चेहरा म्हणजे लाकडातली गाठही असेल.

“गुरुजी, जत्रा चार दिसांर इली. तुमी नुसता होय म्हणा, रंधो लागूचो नाय. आत देव आसा?” भाईंनी विचारलं.

चौतीस वर्षं मी फळ्यावर उत्तर लिहून खाली ‘पडताळून पाहा’ असं लिहीत आलो.

“असावा, असं वाटतं,” मी म्हणालो.

“वाटता म्हंजे?”

मी चष्मा पुसत राहिलो. भाई बराच वेळ थांबले, हे कबूल केलं पाहिजे. मग त्यांनी धोंडू मेस्त्रीला खूण केली.

धोंडूने वरून सुरुवात केली. निळ्या सालींत तांबड्या साली पडू लागल्या. मला त्या दिसत होत्या. फळीच्या मध्यावर रंधा अडला.

“माका वाटला, तांबडो प्रायमर आसतलो,” धोंडू म्हणाला. “ह्यां तर बोटां आसत.”

छातीशी धरलेला हिंगुळी हात होता. वर, चेहऱ्याच्या जागी, पांढरं लाकूड.

“आता खंय थांबू, गुरुजी?”

“इथेच,” मी म्हणालो. आवाज इतका ठाम निघाला, की भाईंनी वळून पाहिलं.